आप्पांचा नारळ आणि माझा समुद्र

घरात समुद्र आणा हवं तर, पण घरच्या म्हाताऱ्यांसमोर त्याला समुद्र म्हणू नका. मी म्हटलं आणि वाट लागली.

झूऑलॉजीत बीएस्सी झाल्या झाल्या मी मुलुंडच्या आमच्या घरात पाच फुटांची काचेची टाकी बसवली. गोराईहून कॅन भरभरून खारं पाणी आणलं, खडक आणले, महिनाभर पाणी निवळू दिलं आणि मगच दोन मासे सोडले. येईल त्याला ऐकवायचे, "नळाचं पाणी नाही हे, खरा समुद्र आहे."

माझे आजोबा, आप्पा, मालवणचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय जेवायचे नाहीत. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मी सकाळीच बजावलं, "आप्पा, आज कुठे जायचं नाही."

"नाही जात गं," आप्पा म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण माझं ते कधीच ऐकत नाहीत.

मी स्वयंपाकघरात असताना बाहेर काच फुटली. धावत आले तर समोरची काच गेलेली, खोलीभर पाणी, आणि हळदकुंकू लावलेला नारळ वाहत वाहत माझ्या पायाशी आला. धक्क्यावरून फेकतात तसा जोरात फेकला होता. तडफडणारे मासे मी हातांनी उचलून उरलेल्या पाण्याच्या कॅनमध्ये टाकले आणि मगच आप्पांकडे वळले.

"आप्पा, हे काय केलंत?"

घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून आप्पांनी जोडलेले हात सोडले.

"खरा समुद्र म्हणे. खरा असता तर नारळ परत दिला असता?"