चंद्रावरची कणगी

"चंद्रावर जायची कल्पना या देशात सगळ्यात पयले माह्या डोक्यात आली!"

नांदुऱ्याच्या एस.टी. स्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर, जानेफळचे इंद्रभान गुरुजी आपल्या सौभाग्यवतींना हे जाहीर करत होते. दोघं दुपारचा सिनेमा पाहून मेहकरच्या गाडीची वाट पाहत होते.

"हळू बोला. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे! आकाशयान, चंद्रावरची राणी, सारं माह्या साठ सालच्या गणपतीतल्या नाटकातलं. सिनेमावाल्यायनं चोरलं. मी कंपनीले नोटीस देतो."

"तुमचं आकाशयान तर ज्वारीची कणगी होती."

"कल्पना पाह्य ना व, कणगी काय पाहतं?"

"कणगीत बसून चंद्रावर गेलेल्या राणीची गोष्ट माही माय आपल्या घरी नातवायले सांगे. तुम्ही भिंतीआड बसून लिहून घेतली."

"लिहिली कोणं पण? तुह्या मायनं लिहून ठेवली होती काय?"

"तिले लिहिता येत नव्हतं."

"मंग!"

"मंग तिनं देली काय तुमाले नोटीस?"

"कौशल्ये, डोकं नको पिकवू. साक्षीदार म्हणून सही कर, बस."

"करीन. पयले नाटकावर मायचं नाव टाका."

"मंग मी कायची नोटीस देऊ?"

"ते तुम्ही पाहा. गाडी लागली. आता टोपी काढा, अन् खिडकीतून सीटवर टाका. कोणाचा रुमाल पयलेच असला, तर त्याले चोर नका म्हणू."