दोन रिक्षा, एकच आवाज

अरे, प्रचाराच्या धंद्यात मी एकदाच पकडला गेलेलो, डोंबिवलीत. कॅसेटचा जमाना. पालिकेला भाऊ आणि अण्णा समोरासमोर उभे, आणि दोघांचाही सल्लागार मीच, एकमेकांच्या नकळत. मजकूर माझा, कॅसेटमधला आवाजही माझाच.

शेवटच्या दिवशी दोघांच्या भोंगे लावलेल्या रिक्षा आमच्या नाक्यावर आमनेसामने अडकल्या. मी टपरीवर चहा पितोय, आणि इकडून मीच भाऊंना चोर म्हणतोय, तिकडून मीच अण्णांना!

भाऊ आणि अण्णा दोघेही आपापल्या रिक्षातून उतरून माझ्या अंगावर आले. "दोन्हीकडे तूच का रे?"

वरून गॅलरीतून आमच्या शेजारच्या साठेकाकू ओरडल्या, "त्याला कशाला झापताय? तुमची स्तुती त्याने नुसती वाचून दाखवली. चोर म्हणताना मात्र अगदी मनापासून बोललाय हो, दोघांनाही!"