वामनरावांचं प्रस्थान

मंडळी, ऐका! मागचे पुढे सरका, खांबाला टेकलेले सरळ बसा. डुलक्या घरी जाऊन काढा, तिथे उशी तरी मिळेल!

आजचा प्रश्न एकदम साधा. प्रवासाला निघालेला माणूस कोणता? ज्याची तयारी पूर्ण झाली तो? की ज्याचं पाऊल दाराबाहेर पडलं तो? सांगा, सांगा! काय म्हणालात, तयारी? वा! हे गृहस्थ स्वतःच्या मुंजीलासुद्धा उशिरा आले असणार! थांबा, आख्यान ऐका आणि मग उत्तर द्या.

आमच्या इचलकरंजीत, आमच्याच आळीत, वामनराव खटावकर राहतात. जन्मभर यंत्रमागावर जॉबर. म्हणजे माग बिघडला की वामनरावांना हाक! कान लावून ऐकायचे आणि सांगायचे, "ह्याचा स्क्रू ढिला आहे." मागाचा हं! मालकाचा असला तरी तसं बोलत नसत.

त्यांची पत्नी शालूताई. तिला कंबरेचं दुखणं. तासभर बसलं की आडवं व्हावंच लागतं, आणि घडीघडीला न्हाणीघर जवळ लागतं. एसटी नाही, भाड्याची मोटार नाही. आणि तिची थोरली बहीण, इंदुआक्का, राहते कुठे? देवगडला! मध्ये अख्खा घाट! आक्कांचे डोळे चाललेले. डॉक्टरांनी सांगितलं, आता इलाज नाही, आहे ती नजर हळूहळू जाणार. आक्कांनी फोन केला. "शाले, मला दिसतंय तोवर एकदा ये गं. तुझं तोंड बघायचंय. त्या मोबाइलवर सगळं धुकं दिसतं. तू समोर ये."

शालूताई पदराआड रडली. वामनरावांनी बघितलं. आणि मंडळी, त्या माणसानं काय केलं? शाळेची एक जुनी मोठी व्हॅन, भंगारात निघालेली, ती अंगणात आणून उभी केली! म्हणाले, "शालू, तू गाडीत बसायचं नाहीस. तू गाडीत राहायचं! झोपून जा देवगडला!"

आहाहा! ह्याला म्हणतात प्रेम! नाहीतर आपण. बायको म्हणाली कंबर दुखते, की आपण म्हणतो, "माझी पण!"

लागले कामाला. स्वतःच्या हातानं! बाकडी उपटली, काथ्याच्या गादीचा पलंग ठोकला. मागच्या कोपऱ्यात प्लायवुडची भिंत घालून चिमुकलं न्हाणीघर केलं. मागावर दोरा नेणारे जुने धोटे घरात पडलेले, त्यांच्याच मुठी करून कपाटाला लावल्या. सुंदर! आता निघायला हरकत काय? पलंग झाला, न्हाणीघर झालं. शालूताई साडी नेसून तयार!

वामनराव म्हणाले, "छपरात एवढा पंखा बसवतो आणि निघू."

पंखा बसला. "पंख्याला वीज नको? छपरावर सौर पट्टी टाकतो आणि निघू." पट्टी बसली. "अगं, पाण्याचं काय? वर टाकी ठेवतो आणि निघू." टाकी बसली. मग सामानाला कॅरियर. मग दुमडणारा ओटा. मग देवघर! देवांना खिडकी! मी विचारलं, "वामनराव, देवांना खिडकी कशाला?" तर म्हणतात, "बुवा, त्यांनी घाट बघायला नको?"

(पेटीवाले, धरा सूर.)

*आज नको रे, उद्या निघू, मग उरले थोडे काम,*
*रथ सजविता सजविता मग दूरच राही धाम!*

बरं, मुहूर्त? मुहूर्त चुकवायचा नाही हं! वामनराव शास्त्राचे पक्के. आपल्याकडे चाल आहे. म्हाताऱ्यांना ठाऊक असेल. मुहूर्ताला निघणं जमत नसेल तर प्रस्थान ठेवायचं. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि आपली हद्द ओलांडून शेजाऱ्याकडे ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं धरायचं, आणि दोन-चार दिवसांत खरोखर निघायचं. केवढी सोय! देवालासुद्धा ॲडव्हान्स!

वामनरावांनी पुरचुंडी ठेवली समोरच्या गोदूकाकूंकडे. दिवस उलटले, गाडी निघाली नाही. नवा मुहूर्त, नवी पुरचुंडी! पुन्हा पंखा, पुन्हा पुरचुंडी! गोदूकाकूंच्या फडताळात रांग लागली. एक दिवस काकू रस्त्यातून ओरडल्या, "अहो खटावकर, तुमचे तांदूळ उंदरांनी खाल्ले! तुमच्या आधी माझे उंदीर देवगडला पोचतील!"

हसताय? हसा, हसा. पण तिकडे आक्कांचा फोन येतच होता. पहिल्यांदा म्हणाल्या, "माडांच्या झावळ्या दिसेनात." मग म्हणाल्या, "चुलीतला जाळ तेवढा दिसतो." आणि एका सकाळी म्हणाल्या, "शाले, आज अंगणातली तुळस दिसली नाही गं. हात लावून पाणी घातलं."

शालूताईनं फोन ठेवला. रस्ता ओलांडून गोदूकाकूंकडे गेली, साऱ्या पुरचुंड्या पदरात घेतल्या आणि येऊन गाडीत बसली.

वामनराव छपरावर! टाकीचा पट्टा आवळत होते. "अगं, चहा झाला का?"

"इथंच करते चहा. मी निघाले."

"कुठं?"

"देवगडला. प्रस्थान झालंय माझं. एकदा नाही, इतक्यांदा! आणि प्रस्थान केलेल्यानं परत उंबऱ्याच्या आत यायचं नसतं, हे शास्त्र तुम्हीच सांगता ना? मग मी घरात येणार नाही. तुम्ही चला, नाहीतर इथंच संसार मांडते!"

"अगं, पण टाकी…"

"अहो, आक्काला तुमची टाकी दिसणार आहे का?" आणि तिला रडू फुटलं. "थोड्या दिवसांनी तिला मीसुद्धा दिसणार नाही!"

मंडळी, वामनराव छपरावरून खाली उतरले. हातातला पाना खाली ठेवला. माणूस चांगला होता हो! ज्या बाईसाठी गाडी केली, त्या बाईलाच गाडीच्या कौतुकात विसरला होता. डोळे पुसले, म्हणाले, "चुकलो गं. चल, आत्ता निघू."

किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली. निघाली! आणि फाटकाशी थांबली! का? फाटकावर कमान! आणली तेव्हा गाडी बोडकी होती, अलगद आत आली. आता डोक्यावर टाकी, पट्टी, कॅरियर! मागाचा दोरा न् दोरा मापणारा माणूस, स्वतःची कमान मापायला विसरला! नावाचे वामन आणि गाडीचा केला त्रिविक्रम! बळीच्या डोक्यावर पाय ठेवला तो निराळा, हा कमानीला डोकं आपटून बसला!

"गवंडी बोलावतो," वामनराव म्हणाले. "कमान उतरवतो आणि…"

"आणि निघू!" सगळी आळी एका सुरात ओरडली.

मग काय करतात! वर चढले. जे चढवलं होतं ते एकेक उतरवायला लागले. टाकी उतरली, पट्टी उतरली, कॅरियर उतरलं. प्रत्येक स्क्रू काढताना चेहरा असा, जणू दाढ उपटतायत! तरीही चार बोटं कमी पडली. छपरावर पंख्याचं झाकण राहिलं होतं, आणि ते निघता निघेना.

तेव्हा गोदूकाकूंनी डोकं चालवलं. "अहो, गाडी वर उचलता येत नाही, पण खाली दाबता येते ना? चला रे सगळे, आत बसा!"

आळी आत! पलंगावर आळी, ओट्यावर आळी, न्हाणीघरात दोघं! गाडी बसली, पण अजून बोटभर हवी. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट दाखवलं, "बुवांना बोलवा!"

हो, मलाच! एकादशीला साबुदाणा, द्वादशीला पुरणपोळी, हे पोट काय उगाच झालंय? मी चढलो. गाडी म्हणाली, "हुंऽऽ!" आणि बसली खाली! सरकली, सरकली, कमानीखालून सुटली! मंडळी, इतकी वर्षं कीर्तन केलं, पण माझं वजन खरं पडलं ते त्या दिवशी!

आळी रस्त्यावर उतरली, टाळ्या पिटल्या, आणि दोघं गेली. पाण्याची कळशी आणि खिडकीत बसलेले देव घेऊन. शालूताई पलंगावर आडवी, घाट बघत.

देवगडला आक्का ओटीवर बसलेल्या. वामनराव उतरले, आणि सवय कुठं जाते? लागले सांगायला, "आक्का, हे बघा, धोट्यांच्या मुठी केल्यात! हा ओटा दुमडतो!"

आक्का म्हणाल्या, "जावईबापू, ते सगळं छान असेल. बाजूला सरा बघू."

शालूताई पुढे झाली. आक्कांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अगदी नाकाजवळ आणलं. या डोळ्यानं बघितलं, त्या डोळ्यानं बघितलं. आणि मग म्हणाल्या,

"अगं बाई! म्हातारी झालीस की गं!"

आणि दोघी बहिणी गळ्यात गळा घालून अशा हसल्या, अशा रडल्या, की वामनराव गाडीमागं जाऊन स्वतःच रडले. मला फोन करून हे सांगताना म्हणाले, "बुवा, दिसली हो तिला शालू! सुरकुत्यांसकट दिसली!"

तर मंडळी, आता सांगा, निघालेला कोण?

अहो, नुसते वामनरावांना हसू नका. आपण काय निराळे? घर रंगवू मग आईला आणू. पोरांचं मार्गी लागू दे, मग देवाचं नाव घेऊ. भावाशी बोलायचंय, पण जरा दिवाळी होऊ दे. पुरचुंडी ठेवलीय शेजाऱ्याकडे, आणि तांदूळ खातायत उंदीर! डोक्यावर टाक्या चढवल्यात, कमान तेवढीच आहे. थोडं उतरवा. पलंग पुरतो हो! आणि बाहेर पडायला जड जात असेल तर चार माणसं आत घ्या, भार वाढला की वाट मिळते, हे मी स्वतः बसून पाहिलंय!

आता आरतीची वेळ झाली. पण आज आरती जरा थांबेल. ज्याची कुणाची इंदुआक्का वाट बघत असेल, त्यानं आधी बाहेर जाऊन फोन लावायचा. देव कुठं जात नाही, तो उभाच आहे.

अहो पेटीवाले! तुम्ही कुठं उठलात? बहिणीला? मिरजेला? जा, जा! पेटी राहू दे, सूर मी धरतो.