मनीप्लांटला भेटायला येणारे

घरात मनीप्लांट आजारी पडला तर कोणाला सांगू नका बाबा, एवढं माझं ऐका.

माझ्या बायकोनं, स्मितानं, एका फांदीपासून वाढवलेला वेल. हॉलमध्ये सोफ्याशेजारी कुंडी. भर मे महिन्यात त्याची पानं मुडपली आणि वेलानं मान टाकली. झालं, अख्खी बिल्डिंग बघायला येऊ लागली. येणाऱ्या प्रत्येकाला आई माठातलं गार पाणी द्यायची. एकानं कूलरचा दोष काढला, दुसरीनं नजर लागली म्हणून कुंडीला लिंबू-मिरची बांधली. वेल रोज आणखी खचत गेला आणि स्मिताला जेवण जाईना.

शेवटी नरखेडहून मामांना बोलावलं. त्यांची संत्र्याची बाग आहे. आईनं दिलेलं पाणी अर्धा ग्लास पिऊन मामांनी कुंडीत बोट खुपसलं, तर सगळा चिखल.

"ही कुंडी हाय का धानाची बांधी? कोण इतकं पाणी टाकून राहिलं?"

"मी तर आठवड्यातून एकदाच टाकते," स्मिता म्हणाली.

आई हळूच म्हणाली, "पाहुण्यांचं उरलेलं मी टाकते. एवढ्या उन्हात पाणी फेकवत नाही वं."

म्हणजे जो बघायला आला, तो वेलाला बुडवून गेला.

"पाणी तोडा याचं," मामा म्हणाले. "बहरासाठी आम्ही संत्र्याले ताण देतो, तसं. पंधरा दिवस एक थेंब नाही."

एवढं बोलून ते उठले आणि हातातल्या ग्लासातलं उरलेलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं.

आम्ही तिघंही बघतच राहिलो.

"काहून पाहून राहिले गा?" मामा म्हणाले. "नालीत फेकू का मंग?"