बार न काढलेलं रिव्हॉल्व्हर

—नाही नाही परीक्षितराव, तिथे नको, इकडे बसा, खिडकीपाशी, म्हणजे उजेडात नीट दिसेल. वरदा वर आहे, आशाजवळ, तिच्या आईजवळ, येईल ती खाली — यायचं असलं तर. बेसिंगस्टोकहून लेस्टरपर्यंत गाडी हाणत आलात बायकोला न्यायला, मग दहा मिनिटं सासऱ्याजवळ बसायला काय हरकत आहे? काही हरकत नाही. चहा घ्या. साखर कमी घातलीय तुमच्यासाठी.

हे बघितलंत? हात नका लावू — आधी तो सुती हातमोजा घाला. हं, आता बघा. बर्मिंगहॅमचं आहे, एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं, आणि बनवल्यापासून आजतागायत यातून एकदाही बार काढलेला नाही. कोणा कॅप्टननं हौसेनं बनवून घेतलं, तो तापानं गेला आणि हे पेटीतच राहिलं. नळीवरची निळाई बघा, कालची वाटते की नाही? एक डाग आहे फक्त, इथे, बोटाएवढा. तो सोडा. आमच्या जुन्या बंदुकांच्या क्लबात सगळे विचारतात, विष्णू, हे चालवणार का जपणार? दोन तट आहेत तिथे. एक म्हणतो, अरे बंदुकीचा बार काढायचा नाही तर ती ठेवायची कशाला? दुसरा म्हणतो, खुळा आहेस का, एक गोळी झाडलीस की संपलं, मग ते इतर हजारांसारखंच. आणि खरंय ते. एकदा झाडलेलं आणि पन्नासदा झाडलेलं — फारसा फरक नाही. पण एकदाही न झाडलेलं ते वेगळं. ते एकदा गेलं की गेलं, कितीही पुसा. पहिल्या वेळेचंच काय ते. पटतंय ना? तुम्हाला तरी पटायला हवं.

लायसन्स? नाही लागत. इथला कायदा मोठा गमतीचा आहे. इतकं जुनं असलं, याच्या गोळ्या कुठे मिळत नसल्या, तर शोभेची वस्तू म्हणून खुशाल घरात ठेवा, पोलीस काही म्हणत नाहीत. पण चालवायचा विचार केलात, गोळ्या आणून ठेवल्यात, की तेच बेकायदा शस्त्र. पाच वर्षं आत. बत्तीस वर्षं मी तसली एक गोळी घरात येऊ दिली नाही — आणि या काय? या डब्यात? या गोळ्याच आहेत. एकजण बनवून देतो हातानं. वरदा सोमवारी आली, हात गळ्यात बांधून, स्टेशनवर मला म्हणाली, बाबा, काही विचारू नका. मी नाही विचारलं. मंगळवारी या आणल्या. उठू नका. मी फक्त बसतात का ते बघतोय. ही बसली — ही बसली — बघा, लोण्यात सुरी जावी तशा जातायत. बसा म्हटलं ना.

दारात सापडला हात, असं ती म्हणते. तुम्हीही फोनवर तेच म्हणालात, शब्दाला शब्द. अहो, मी अठ्ठावीस वर्षं लोकांची हाडं जोडली, मला कशाला सांगता? दारात सापडलं की हाड चेचलं जातं. पिळलं की तिरकी चीर जाते, गोल फिरत, ओलं फडकं पिळावं तशी. एक्स-रे बघितला मी, पोरगी नको नको म्हणत असताना बघितला. हाड खोटं बोलत नाही. दारानं कधी कुणाचा हात पिळलाय का? नाही पिळला. माणूस पिळतो. आणि आज तुम्ही फुलं घेऊन आलात, सॉरी म्हणालात, आणि ती म्हणे विचार करतेय! म्हणून मीही विचार करतोय, जपायचं का चालवायचं.

काय? मोठ्यानं बोला, तुमचं ते वॉटफर्डला वाढलेलं मराठी पुटपुटलात की मला कळत नाही. आशाच्या मनगटाचं काय? — तुम्हाला कोणी सांगितलं? बघितलंत. प्रसाद घेताना तिचा तळहात सरळ वर होत नाही, हे बघितलंत. मोठे बघणारे! ते वेगळं आहे. ती बर्फावर घसरली होती. खंडेनवमीला. — ऑक्टोबरात बर्फ? नाही. नसतो बर्फ ऑक्टोबरात.

हे घरात आलं त्याच वर्षीची खंडेनवमी. तिच्या माहेरी तलवारीची पूजा व्हायची, तिला वाटलं आपल्याकडेही शस्त्र आलं. मी अंघोळीहून येतो तर पेटी उघडी, आणि हिनं नुसत्या हातानं, कालवलेल्या ओल्या कुंकवाचं बोट लावलेलं नळीवर! ओलं कुंकू, या पोलादावर! मी फक्त तिचा हात धरला. बाजूला केला. बाजूला करायला लागतो तेवढाच जोर. आवाज आला — तो आवाज कसला, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? आणि मी आधी काय केलं, सांगू? आधी कुंकू पुसलं. मऊ कापडानं, गोल गोल. मग तिच्याकडे बघितलं. प्लॅस्टर घरीच घातलं, किचनमध्ये, कारण हॉस्पिटलात नेली असती तर कोणीतरी विचारलं असतं. एक्स-रे नाही काही नाही, म्हणून जरा वाकडं जुळलं. चार वर्षांची वरदा टेबलाशी बसून प्लॅस्टर भिजवायची वाटी धरत होती मला. पण मी तुमच्यासारखा नाही, परीक्षितराव. एकदाच झालं ते. एकदाच. म्हणजे — हाड मोडलं ते एकदाच.

वरदा? कधीची उभी आहेस तू दारात? अगं, यांना जरा धाक घालत होतो. हे बघ, हे तुझ्यासाठी भरलंय, तुझ्यासाठी, बाबा आहे ना तुझा. बॅग कशाला घेतलीस? यांच्याबरोबर जातेस? — नाही, मग? आशा, तू का कोट चढवलास? बाहेर टॅक्सी कोणी बोलावली? तू? कुणाकडे जायचंय आपल्याला या वयात? ... आपल्याला नाही. तुम्हा दोघींना. आशा, बत्तीस वर्षं अवाक्षर काढलं नाहीस, निदान आज तरी काहीतरी बोल. शिवी दे. आशा!

गेल्या.

तुम्ही कुठे निघालात? त्यांच्या मागे जायचं नाही, समजलं? सरळ बेसिंगस्टोकला जा. फुलं घेऊन जा ती. — हे? याचं काय? अजून ठरलं नाही माझं. जा म्हणतोय ना तुम्हाला.