आनंदच्या हातचा प्याला

श्रद्धा : हळू, पाळकसाहेब! मनगट मोडलंय बहुतेक.

बापूराव : अगं, पण गेल्याच रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून, तुझी माफी मागत रडला ना तुझा नवरा? तुमचे हात एकमेकांच्या हातात देऊन मीच प्रार्थना केली.

श्रद्धा : केलीत की. सगळ्यांनी आमेन म्हटलं, चहा-केक झाला. घरी गेल्यावर आनंदने कडी लावली. म्हणाला, चारचौघांत माझी लाज काढलीस. मग कमरेचा पट्टा काढला.

बापूराव : आणि हे मनगट?

श्रद्धा : हे आत्ताचं, सकाळचं. आज प्रभुभोजन. मंडळीचा पंच म्हणून द्राक्षारसाचा प्याला तोच फिरवणार. मी म्हटलं, तुझ्या हातून मी घेणार नाही. त्याने माझा हात चौकटीत धरला आणि दार आपटलं.

बापूराव : देवा रे! तरीपण मुली, क्षमेला काही मर्यादा नसते...

श्रद्धा : हाडांना असते, पाळकसाहेब.

आनंद : पाळकसाहेब! दार उघडा. माझी बायको आत आहे.

बापूराव : आनंद, लाथा मारू नकोस. शांत हो.

आनंद : शांतच आहे. म्हणून तर दार अजून जागेवर आहे तुमचं.

श्रद्धा : उघडू नका हो! मारून टाकेल मला.

आनंद : पाठवा तिला. मागच्या वेळी समजूत घालून पाठवली होतीत ना? तशीच.

बापूराव : चुकलो तेव्हा. श्रद्धा, आतल्या खोलीत जा, कडी लाव आणि पोलिसांना फोन कर.

आनंद : पोलीस? अख्ख्या विश्रांतवाडीत मंडळीची अब्रू वेशीला टांगणार? आपल्यातलं आपल्यात मिटवायचं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.

बापूराव : ते माझं शिकवणं होतं रे. प्रभूच्या नावावर खपवलं मी.

आनंद : शेवटचं सांगतोय. हे दार मोडलं तर पुढे तुम्ही आहात.

बापूराव : आहेच. इथेच उभा राहणार. तिच्याकडे जायचं तर मला आडवं पाडून, वरून पाय देऊन जावं लागेल.

आनंद : सरक, थेरड्या!

(दार मोडतं. काच फुटते, मारहाणीचा आवाज, किंकाळ्या. बऱ्याच वेळाने पोलीस आनंदला गाडीत घालून नेतात.)

श्रद्धा : अहो, किती रक्त येतंय तोंडातून!

बापूराव : दोन दात गेलेले दिसतायत. आज प्रवचन आटोपशीर होईल, लोक दुवा देतील.

श्रद्धा : चर्चची घंटा कधीच झाली. सगळे वाट बघत असतील.

बापूराव : बघू देत. आधी तुझा हात दाखवू डॉक्टरला. मग जाऊन सांगतो सगळ्यांना, की हिला त्या घरात मी परत धाडली होती.

श्रद्धा : पाळकसाहेब... मी क्षमा केलेली नाही त्याला.

बापूराव : मी विचारलं का? चल, रिक्षा थांबलीय.