मला न विचारता लागलेला फ्लेक्स

निष्ठा हा शब्द माझ्यासमोर काढू नका, राव! डोकं फिरतं.

आमच्या रावेतला दिवसाआड पाणी. पक्षाच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "सत्ता आपली आहे, मग पाणी का येत नाही?" पाच मिनिटांत आमच्या नगरसेवकाचा, म्हणजे भाऊंचा फोन. "गद्दारी करतोस? पक्षात राहायचं तर गप राहायचं." लगेच ग्रुपमधून काढलं मला.

महिनाभरानं बायको दूध घेऊन आली ती फणफणतच. "पक्ष बदललात, आणि घरात सांगायचं नाही?"

"मी? कधी?"

चौकात जाऊन बघतो तर काय, भाऊंच्या पक्षप्रवेशाचा भलामोठा फ्लेक्स. रंग नवा, नेते नवे, आणि खाली कार्यकर्त्यांच्या रांगेत मी! फोटो माझ्या लग्नातला, फेटा तेवढा कापलेला.

तिथूनच फोन लावला. "भाऊ, मला विचारलंत तरी का?"

"विचारायचं काय त्यात? तू निष्ठावंत माणूस."

"आणि पाण्याचं विचारलं तेव्हा गद्दार होतो?"

"तेव्हा तू स्वतःच्या मनानं बोललास," भाऊ अगदी शांतपणे म्हणाले. "यावेळी काहीच बोलला नाहीस. म्हणून तर पहिल्या रांगेत घेतलाय."